उन्हाळ्यातल्या दहा दिवसांत दुसरी ते चौथीच्या मुलांकडून पर्यावरणाचे नेमके काय करून घ्यावे?

दोनशिक्षकी

सोलापूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३८. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते. २२ एप्रिलच्या वसुंधरा दिनाच्या आसपासचे दहा दिवस, रोज साधारण दीड तास, परिसर अभ्यासाला जोडून उपक्रमासाठी ठेवायचे ठरवले आहे. पहिलीची मुले लहान आहेत, त्यांना फक्त बरोबर ठेवणार.

पालकसभेत दोन सूचना आल्या: पाच हजार बीजगोळे (माती-खताच्या गोळ्यात बी) करून जवळच्या माळावर टाकायचे आणि ५ जूनला शंभर झाडे लावायची. दोन्हींबद्दल मनात शंका आहे. मागची लावलेली झाडे टिकलेली नाहीत आणि ५ जूनला आमच्याकडे पाऊसही नसतो, शाळाही बंद असते.

हाताशी काय आहे ते सांगते. एक हापसा, हात धुण्याच्या चार नळांची छोटी टाकी, शाळेचे ३० बाय २० फुटांचे पत्र्याचे छप्पर, मैदानाच्या कडेला दोन मोठे कडुलिंब. गावात चिंच, करंज, शिरीष आहेत, रस्त्याकडेला बहावा आहे. खर्च हजार रुपयांच्या आत हवा. घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धा होतातच, त्यापलीकडचे आणि मुलांच्या हाताने खरोखर होणारे काम हवे आहे.

बियाणेवाला

मॅडम, तुमच्या शंका बरोबर आहेत. एप्रिल-मे हे महिने झाडे लावण्याचे नाहीत, बी गोळा करण्याचे आणि पेरण्याचे आहेत. मुलांना या दिवसांत एक गोष्ट समजली तरी पुष्कळ झाले: प्रत्येक बियाचे आपले घड्याळ असते. काही बिया वर्षभर थांबतात, काही पंधरा दिवसांत मरतात.

तुमच्या गावातल्या झाडांपुरते सांगतो.

चिंच: फळ एप्रिलपर्यंत घरोघरी फोडलेलेच असते. चिंचोके मुलांना घरून आणायला सांगा. भाजलेले नकोत, किडीचे भोक असलेले नकोत. साध्या पाण्यात २४ तास भिजवून पेरले की आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. पहिला कोंब चिंचेचाच दिसू द्या, मुलांचा धीर टिकतो.

करंज: चपट्या शेंगा झाडाखाली पडलेल्या असतात, बहुतेकांत एकच बी. शेंग आपोआप उकलत नाही, लाकडी दांड्याने कडेवर हलके ठोकावी लागते. बी रात्रभर पाण्यात, मग आडवे पेरायचे. उगवायला दहा ते पंधरा दिवस.

बहावा: काळी, हात-दीड हात लांब शेंग. आत नाण्यांच्या चळतीसारखे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक बी. भोवतीचा काळा चिकट मगज रेचक असतो. मुले तो चाटून पाहतात, म्हणून आधीच बजावा आणि नंतर हात धुवून घ्या. बियाचे कवच फार टणक असते, नुसते पेरले तर महिनोन्महिने तसेच पडून राहते. उपाय दोन. एक, पाणी उकळून आचेवरून उतरवायचे, बियांच्या पाचपट पाणी घ्यायचे, त्यात बी टाकून २४ तास तसेच ठेवायचे. हे काम शिक्षकाने करायचे, मुलांनी लांबून पाहायचे. दुसऱ्या दिवशी फुगलेले बी पेरा, न फुगलेल्याला पुन्हा तेच. दुसरा उपाय मुलांच्या हातचा: बी खरखरीत फरशीवर किंवा पॉलिश पेपरवर घासायचे, तपकिरी कवचाखाली फिकट ठिपका दिसला की थांबायचे. देठाच्या बाजूला घासू नका, कोंब तिकडूनच निघतो.

शिरीष: वाऱ्यात खुळखुळणाऱ्या पिवळट कागदी शेंगा. यात भुंगेरा फार लागतो. टाचणीच्या डोक्याएवढे भोक दिसले की बी बाद. हे निवडण्याचे काम दुसरीची मुले उत्तम करतात. पेरणीआधी बहाव्यासारखेच गरम पाणी.

कडुलिंब मात्र आत्ता नाही. निंबोळी आपल्याकडे जूनमध्ये पिकते आणि तिचे बी दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते. मागच्या वर्षीची साठवलेली निंबोळी पेरली तर काहीच उगवणार नाही. शाळा उघडली की मैदानातल्या झाडाखालच्या पिवळ्या निंबोळ्या उचला, त्याच दिवशी गर धुऊन काढा, दोन दिवस सावलीत सुकवून लगेच पेरा. जांभळाला तर सुकवायचेही नाही, खाल्ले की पेरले.

मुलांना झाडावर चढू देऊ नका. पडलेल्या शेंगा किंवा मोठ्या माणसाने आकडीने काढलेल्या, एवढेच. आणि एकाच झाडाचे सगळे बी नको, पाच-सहा झाडांवरून थोडे थोडे घ्या.

आता पिशव्या. ५ बाय ७ इंचांच्या रोपवाटिकेच्या पिशवीत पाऊण लिटर माती बसते. १२० पिशव्या धरल्या तर ९० ते १०० लिटर मिश्रण लागेल, म्हणजे आठेक घमेली. पुस्तकी प्रमाण दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. तुमच्याकडची माती काळी असेल तर हे प्रमाण चालत नाही, पाणी दिले की चिखल आणि सुकली की दगड. तिथे तिन्ही समान घ्या. वाळू मिळत नसेल तर बारीक चाळलेला मुरूम चालतो. शेणखत वर्षभर कुजलेले, भुसभुशीत, वास नसलेले हवे. ताज्या शेणाने मुळे जळतात आणि हुमणीच्या अळ्या येतात.

पैसे वाचवायचे तर दुधाच्या एक लिटरच्या पिशव्या घ्या. धुऊन, वरची कड पूर्ण कापून, खालच्या तिसऱ्या भागात सहा-आठ भोके पाडायची. भोके पाडायला विसरणे ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. पिशवी वरून कोरडी दिसते, खाली पाणी साचून मूळ कुजते.

पिशवी ठासून भरू नका, पण दोनदा जमिनीवर आपटून बसवा. नाहीतर पहिल्या पाण्याला माती दोन इंच खाली बसते आणि काठाची सावली पडून कोंब वाकडा येतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, पिशवीत दोन बिया. दोन्ही उगवली तर एक रोप कात्रीने मातीलगत कापायचे. उपटले तर दुसऱ्याचे मूळ हलते. मुलांना हे कापणे अवघड जाते, म्हणून का कापतो हे आधी सांगावे लागते.

माळराखी

बीजगोळ्यांबद्दल लिहितो, कारण यात नुकसान होऊ शकते.

आधी आकडे. अडीच सेंटिमीटर व्यासाचा गोळा सुमारे ८ घन सेंटिमीटरचा. पाच हजार गोळे म्हणजे ४० लिटर कालवलेली माती. करता येईल, पण पाच हजार गोळ्यांना पुरेसे निवडलेले, किडीविना बी ३८ मुले दहा दिवसांत गोळा करू शकत नाहीत. मग बाजारातून सुबाभूळ किंवा मिळेल ते बी आणले जाते, आणि सुबाभूळ एकदा पसरली की आवरत नाही.

दुसरे, वेळ. मेमध्ये टाकलेल्या गोळ्यावर वळवाची एक सर पडते, गोळा भिजतो, बी फुगून कोंब बाहेर येतो, आणि पुढे तीन-चार आठवडे पाण्याचा थेंब नाही. बी तिथेच संपते. जे वाचते ते मुंग्या आणि उंदीर नेतात, उरलेले शेळ्या खातात. काळ्या मातीचे गोळे तर सुकतानाच तडकतात. चिंचोके, करंज यांसारखे मोठे बी या आकाराच्या गोळ्यात नीट बसत नाही.

तिसरे आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचे: माळ ही पडीक जमीन नाही. सोलापूर जिल्ह्यातच नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. माळढोक, धाविक, चंडोल, काळवीट, लांडगा हे सगळे उघड्या गवताळ माळाचे प्राणी. माळढोकाला दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे गवत लागते, तो जमिनीवरच अंडी घालतो. तिथे झाडांची दाटी केली तर त्यांचे घर जाते. आपल्या मुलांना "जिथे झाड नाही तिथे काही नाही" असे शिकवले तर ती आयुष्यभर आपल्याच माळाकडे ओसाड जागा म्हणून पाहतील. शिवाय वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय काही टाकता येत नाही.

पालकांचा उत्साह मोडायचा नसेल तर पाच हजारांऐवजी दोनशे गोळे करा. तीन भाग तांबडी किंवा मुरमाड चिकण माती, एक भाग चाळलेले कुजलेले खत, पाणी इतकेच की पोळीच्या कणकेसारखे वळता येईल. प्रत्येकात बाभूळ, खैर, शिरीष यांपैकी दोन बिया. इथे बियांना गरम पाणी देऊ नका. भिजलेले बी गोळ्यातच कोंब धरते. गोळे सावलीत तीन दिवस सुकवा, कागदी खोक्यात ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. जुलैत पाऊस नीट बसला, जमीन वीतभर ओली झाली की शेताच्या बांधावर आणि ओढ्याकाठी बोटभर खड्ड्यात पुरायचे. खरे सांगायचे तर त्याच दिवशी गोळ्याशिवाय नुसते बी टोकले तरी चालते. टोकण मुलांनी शेतात पाहिलेली असतेच.

माळावर मुलांना न्यायचेच असेल तर मोजायला न्या. एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट टाकायची आणि आत गवताचे किती प्रकार, किती किडे, किती लेंड्या, किती बिळे हे लिहायचे. सकाळी सात ते आठ. बिळात हात घालायचा नाही, पायात बूट किंवा चप्पल हवीच. एप्रिलच्या वाळलेल्या गवतातही चौथीच्या मुलाला चार-पाच प्रकारची कुसळे वेगळी काढता येतात.

दोनशिक्षकी

दोघांचेही मनापासून आभार. माळाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, पालकांना हाच सांगेन. आता खरी अडचण: मेपासून शाळा बंद. १२० पिशव्यांना पाणी कोण घालणार? दोन्ही शिक्षक बाहेरगावचे. मुलांना दुपारच्या उन्हात शाळेत बोलावणे मला मान्य नाही. आणि पाण्याचा अंदाजही हवा, हापसा मेमध्ये जेमतेम चालतो.

बियाणेवाला

पाण्याचा हिशोब: पिशवीमागे सकाळी १०० आणि संध्याकाळी १०० मिली. १२० पिशव्यांना दिवसाला २४ लिटर, म्हणजे दोन घागरी. हात धुतलेले पाणी बादलीत धरले तर शाळा चालू असताना हे सहज निघते. भांडी घासलेले साबणाचे पाणी मात्र कोवळ्या रोपांना नको.

सुट्टीसाठी सर्वात सोपा मार्ग: पिशव्या शाळेत ठेवूच नका. ३८ मुलांना प्रत्येकी तीन, म्हणजे ११४ पिशव्या घरी जातात. रांजणाजवळ किंवा मोरीच्या कडेला जिथे रोज पाणी सांडतेच आणि दुपारची सावली असते, तिथे ठेवायच्या. शाळेने हे आधी ठरवले तर पेरणीपासूनच पिशवीवर मुलाचे नाव घालता येते. नाव आणि तारीख पत्र्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काडीच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई आठ दिवसांत उन्हाने उडते, पेन्सिल टिकते.

मुलांबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्या: सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर वाटीभर पाणी. बोट मातीत घालून ओल लागली तर त्या वेळी पाणी नको. शेळी-कोंबडीपासून वाचवायला वर उलटी पाटी किंवा बाभळीची फांदी. मूळ भोकातून जमिनीत जाऊ नये म्हणून दर पंधरा दिवसांनी पिशवी जागेवरून हलवायची. शेवटचे सगळे विसरतात. जूनला पिशवी उचलली की खालचे मूळ तुटते आणि चांगले दिसणारे रोप दोन दिवसांत माना टाकते.

रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवे पडले तर ते पाणी कमी पडल्याने नव्हे, जास्त झाल्याने. बहुतेक घरी त्यावर आणखी पाणी ओततात. ते रोप काढून टाकायचे, बाकीच्यांना पाणी दिवसातून एकदाच घालायचे.

शाळेत राहिलेल्या पाच-सहा पिशव्या कडुलिंबाखाली सहा इंच खोल खड्ड्यात, खाली जुना फ्लेक्स भोके पाडून अंथरून, एकमेकींना चिकटवून ठेवा. कडेची माती गार राहते, पाणी निम्मे पुरते. त्यांच्यासाठी शाळेजवळच्या एखाद्या पालकांना सांगता येईल.

परिसर_भाग_दोन

आधीच्या उत्तरांना जोडून मोजमापाची दोन कामे सुचवते. तिसरी-चौथीचे गणितही होते.

गळका नळ. नळाखाली दहा मिनिटे भांडे धरायचे, औषधाच्या मापाने किंवा मिलिलिटरच्या खुणा असलेल्या बाटलीने मोजायचे, १४४ ने गुणायचे, कारण दिवसात दहा मिनिटे १४४ वेळा येतात. ५० मिली भरले तर दिवसाला ७,२०० मिली, सव्वासात लिटरच्या जवळ. वर दिलेल्या हिशोबाने हे ३६ पिशव्यांचे दिवसभराचे पाणी झाले. वायसर बदलून पुन्हा मोजायचे. बदलल्यानंतरचा आकडा फलकावर लिहिला पाहिजे, नाहीतर नुसती तक्रार नोंदवल्यासारखे होते.

पर्जन्यमापक. हा उन्हाळ्यातच करून ठेवायचा. दोन लिटरची, मधला भाग सरळ आणि गुळगुळीत असलेली बाटली घ्या. जिथे निमुळती व्हायला लागते तिथे आडवी कापा (कापणे शिक्षकाचे), वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवा. तळ खडबडीत असतो, त्यामुळे तिथून मोजले तर आकडा चुकतो. म्हणून तळात खडी घालून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचे आणि ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी. तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असल्यामुळे पट्टीवरचा आकडा हाच पाऊस.

जागा उघडी हवी, इमारत किंवा झाड जितके उंच त्याच्या दुप्पट अंतरावर. कलंडू नये म्हणून विटांमध्ये बसवा. नोंद सकाळी साडेआठला घ्या, हवामान खात्याची दिवसाची नोंदही त्याच वेळी होते, म्हणून तुलना करता येते. नोंदीनंतर पाणी पुन्हा शून्यावर आणायचे. कोरड्या दिवसांत बाष्पीभवनाने पाणी रेघेखाली जाते, रोज बघून भरायचे.

तुमचा पत्रा ३० बाय २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट, साधारण ५५ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा मिलिमीटरच्या एका पावसात पत्र्यावर ५५० लिटर पडतात, पाचवा भाग वाया गेला धरला तरी ४४० लिटर. दोनशे लिटरची दोन पिंपे भरतात. पन्हळ नसेल तर उन्हाळ्यात बसवून घेण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना हा हिशोब मुलांच्या हस्ताक्षरात जोडा. पहिल्या पावसाचे पाणी धूळ आणि विष्ठेसकट येते, ते पिंपात घेऊ नये. पिंपावर झाकण किंवा घट्ट बांधलेले कापड हवेच, डासांमुळे.

गावठाण

पक्ष्यांच्या पाण्याबद्दल कोणी लिहिले नाही, ते थोडक्यात. मातीचे उथळ परळ घ्या, दीड-दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक-दोन दगड. लहान पक्षी आणि मधमाश्या दगडावर बसून पितात, खोल भांड्यात बुडतात. कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या टांगू नका, पाणी तापते आणि धार बोचते. सावलीत, आजूबाजूला सहा-सात फूट मोकळी जागा, म्हणजे मांजर दबा धरून बसू शकत नाही. पाणी रोज ओतून नवे भरायचे, दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासायचे, साबण नाही. न बदललेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते. म्हणून सुट्टीत कोणी बदलणार नसेल तर परळ पालथे घालून ठेवा. पाण्याविना ठेवलेले बरे. घरीसुद्धा आठवड्यातून एक कोरडा दिवस (पाण्याची भांडी रिकामी करून सुकवण्याचा) पाळायचा हे याच कामातून मुलांना सांगता येते.

आणि ऊन. सव्वासातला सुरू करून साडेनऊच्या आत बाहेरचे सगळे संपवा. पत्र्याच्या खोलीत अकरानंतर बसवून काम घेणे बाहेरच्या उन्हाइतकेच वाईट. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रण तयार ठेवा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झाले तर लहान मुलाला घातक ठरते. मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले, अंग फार तापले तर सावलीत आडवे करून अंगावर ओले कापड, वारा, आणि थेट आरोग्य केंद्र. गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

दोनशिक्षकी

पिशव्या घरी देण्याचे ठरवले. पहिले तीन दिवस बी गोळा करणे आणि निवडणे, चौथ्या दिवशी माती चाळून भरणे, पाचव्या दिवशी पेरणी, मग मोजमाप असा क्रम लावते आहे. शेवटचा प्रश्न: एप्रिलमध्ये पेरलेली रोपे या जुलैत लावावीत का? तेव्हा किती उंच असतील?

बियाणेवाला

क्रमात एक बदल करा. पेरणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घ्या, म्हणजे दहाव्या दिवशी चिंचेचे कोंब मुलांसमोर शाळेतच निघतील. त्यासाठी माती उपक्रमाच्या आधीच पिशव्यांत भरून, दोन दिवस पाणी देऊन बसवून ठेवा. बहाव्याचे बी पहिल्या दिवशीच गरम पाण्यात घाला. बियांचा शोध पुढेही चालू ठेवता येईल, उरलेले बी कापडी पिशवीत, झाडाचे नाव आणि तारीख घालून.

जुलैपर्यंत करंज वीत-दीड वीत होईल, चिंच त्याहून थोडी कमी, बहावा जेमतेम बोट-दोन बोटे. तुमच्या भागात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडते. वीतभर रोप त्या उघडिपीत जळते किंवा शेळीच्या एका घासात जाते. म्हणून यंदा लावू नका. जूनमध्ये रोपे शाळेत परत आणा, ८ बाय १२ इंचांच्या पिशवीत बदला, वर्षभर वाढवा आणि पुढच्या पावसाळ्यात दोन-अडीच फुटांची झाली की लावा. चौथीची मुले तोवर दुसऱ्या शाळेत गेलेली असतील, तर त्यांची रोपे त्यांच्याच घरच्या बांधावर लावायला द्या.

यंदा पालकांना जागेवर काही तरी हवेच असेल तर जुलैत मैदानाच्या कडेला दीड फुटाचे दहाच खड्डे घ्या आणि त्यांत शासकीय रोपवाटिकेतून मोठी रोपे आणून लावा. खड्डे मात्र मेमध्येच खणून उन्हात तापू द्या, आणि कुंपणाच्या काट्या रोप आणण्याआधी तयार ठेवा.

दोनशिक्षकी

दहा खड्डे, ठीक. कडुलिंबाच्या सावलीबाहेर किती अंतर सोडावे?

बियाणेवाला

फांदीचे टोक जिथे संपते तिथून आणखी दहा-बारा फूट. भिंतीपासून पंधरा फूट, आणि वर विजेची तार नाही ना, ते पाहून मगच चुन्याने खूण करा.